भाताचे खाचर : सजीव आणि निर्जीव
(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



परिसर अभ्यासात सजीव-निर्जीव हा पाठ आपण फळ्यावर दोन रकाने आखून शिकवितो. एका रकान्यात बेडूक, दुसऱ्यात दगड. मुलांस नावे पाठ होतात. परंतु दोन रकान्यांमधील देवघेव त्यांच्या ध्यानी येत नाही. ती दाखविण्यास आपल्या कोकणात भाताच्या खाचरासारखे दुसरे साधन नाही.

प्रथम निर्जीव घटक घेऊ : ऊन, हवा, पाणी व माती. बांध घालून पाणी अडविले की मातीतील हवा निघून जाते. वरचा काही मिलिमीटरांचा थर सोडला, तर खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. तेथे बहुतेक पिकांची मुळे कुजतील. भात तग धरतो, कारण त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या गेलेल्या असतात. त्याच चिखलात प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव काडीकचरा कुजवितात. काठी खुपसली असता जे बुडबुडे वर येतात, त्यांत या कुजण्यातून निघालेला मिथेन वायू असतो.

आता सजीव पाहू. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र बांधून घेते व खाचराची सुपीकता राखते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली प्रयोगाने दाखविले. तुडतुडे रोपाचा रस शोषतात, खोडकिड्याची अळी खोड पोखरते. या किडींस कोळी, चतुर व बेडूक खातात; बेडकास बगळा व धामण खाते. जे मरते ते पुन्हा चिखलास मिळते. काल हवेत असलेला नत्र आज शेवाळात, उद्या भाताच्या दाण्यात आणि परवा मुलाच्या ताटात असतो.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते? इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची मोठी हानी केली. फवारणीने कोळी मरत. तुडतुड्यांची अंडी मात्र रोपाच्या पेशीजालात सुरक्षित राहत व पुढील पिढी निर्वेध वाढे. अखेर १९८६ साली तेथील शासनाने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. आपल्याकडूनही एके काळी बेडकांचे पाय परदेशी जात. ती निर्यात १९८७ साली बंद झाली.

म्हणून श्रावणात एक तासिका बांधावर घ्यावी. शेतकऱ्याची परवानगी घ्यावी व नुकतीच फवारणी झालेली नाही, याची खात्री करावी. लेप्टोस्पायरोसिसचा धोका ध्यानी घेऊन मुलांस पाण्यात उतरवू नये; निरीक्षण बांधावरूनच व्हावे. दिसलेल्या प्रत्येक वस्तूपुढे मुलाने दोनच प्रश्न लिहावेत : ही कोणापासून काय घेते? कोणास काय देते? रकाने आपोआप बाणांनी जोडले जातील.

यांतील काही मुले उद्या फवारणीचा पंप पाठीवर घेतील. तेव्हा पंप भरण्यापूर्वी रोपे हलवून किडी किती व कोळी किती, हे त्यांनी मोजावे. एवढी सवय लावणे आपल्या हाती आहे.