परसदारीची वांगी : लागवड, निगा आणि राखण



'पुराणातील वांगी पुराणात' ही म्हण मराठी माणसाला ठाऊक आहे. वांगी वर्ज्य असल्याचे पुराणात सांगणारे बुवा घरी आल्यावर वांग्याच्या भाजीची वाट पाहतात, अशी तिच्यामागची कथा सांगतात. परसबागेच्या बाबतीत ही म्हण अनेकदा अक्षरशः खरी ठरते. लागवडीच्या पुस्तिका ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात, शाळेच्या भिंतीवर तक्ते असतात, सभांतून परसबागेचे महत्त्व प्रतिपादन केले जाते. आणि त्याच गावातील कुटुंबे आठवड्याच्या बाजारातून वांगी विकत आणतात. त्या वांग्यांवर कोणते औषध फवारले आणि फवारणीनंतर किती दिवसांनी ती तोडली, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. परसदारी वांगी लावण्याचा प्रश्न हौसेपुरता राहत नाही, तो येथे.

वांगे हे मुळात याच भूभागातील पीक. महाराष्ट्रात त्याची नाती गावोगावची आहेत. पुण्याजवळच्या मांजरीचे नाव 'मांजरी गोटा' या वाणाने सर्वत्र नेले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सांगली-साताऱ्याबाहेरही वाखाणली जाते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात घेतात. असे हे परिचित पीक घरी लावल्यावर मात्र अनेकांची निराशा होते. फुले गळतात, शेंडे माना टाकतात, फळ चिरावे तर आत अळी निघते. या तीनही तक्रारींची कारणे समजून घेतली, तर उपाय प्रत्येकाच्या हातात आहेत.

जागा, हंगाम आणि वाण

वांग्याला दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. झाडाच्या सावलीत रोप उंच वाढते, पण फळ धरत नाही. पाण्याचा निचरा होणारी, शेणखत मुरलेली जमीन उत्तम. जमीन नसेल तर दीड फूट रुंदीची व तेवढीच खोल कुंडी, जुना डबा किंवा गोणीसुद्धा चालते. मात्र बुडाला पाणी निघून जाण्यास छिद्रे हवीत आणि एका कुंडीत एकच रोप हवे. दोन भाग गाळाची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी रेती हे मिश्रण पुरेसे होते. अर्धवट कुजलेले खत घालू नये. त्यात हुमणीची अळी असण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रात वांगी तिन्ही हंगामांत घेता येतात. खरिपासाठी जूनमध्ये बी पेरून जुलै-ऑगस्टमध्ये रोपे लावतात. रब्बीसाठी सप्टेंबरअखेर बी पेरतात. उन्हाळी पिकासाठी जानेवारीत बी पेरून फेब्रुवारीत लागवड करतात. लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत सुमारे दहा ते बारा आठवडे जातात. चंपाषष्ठीच्या भरितासाठी परसातील वांगे हवे असेल, तर रोप ऑगस्टअखेर जमिनीत गेलेले असावे, हा त्याचा हिशेब.

वाण निवडताना घरातील स्वयंपाकाकडे पाहावे. 'मांजरी गोटा' याची फळे गोल, जांभळट-गुलाबी व पांढऱ्या पट्ट्यांची असतात. 'वैशाली' या वाणाला फळे झुबक्यांनी येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'कृष्णा' हा संकरित वाणही प्रचलित आहे. घरचे बी धरण्याची इच्छा असेल, तर सरळ वाणच निवडावा. संकरित फळातील बियांपासून पुन्हा तशीच झाडे येत नाहीत.

रोप आणि लागवड

बी गादीवाफ्यावर किंवा पसरट खोक्यात ओळींनी, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावे. दाट पेरलेली रोपे कोलमडतात, म्हणून विरळणी करावी. चार ते सहा आठवड्यांत रोपे वीतभर उंच झाली, की लागवडीस तयार होतात. लागवड संध्याकाळी करावी आणि दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवावे. हे अंतर प्रारंभी फार वाटते, परंतु हवा व ऊन खेळत नाही तेथे कीड लवकर जमते.

पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. जमिनीतील झाडाला हिवाळ्यात सात-आठ दिवसांच्या अंतरानेही पुरते. वाळलेल्या पाल्याचे आच्छादन केल्यास पाण्याची बचत होते. महिन्यातून एकदा झाडाभोवतीची माती हलवून ओंजळभर गांडूळखत द्यावे. नत्र अति झाले, तर पाने माजतात आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळते.

फुले का गळतात

फुले गळू लागली, की अनेक जण औषधाच्या दुकानाकडे धाव घेतात. वस्तुतः वांग्याच्या एकाच झाडावर निरनिराळ्या प्रकारची फुले येतात. काहींतील कुक्षिवृंत लांब किंवा मध्यम असतो. फळ प्रामुख्याने त्यांतच धरते. ज्या फुलांत तो आखूड राहतो, ती बहुधा गळून पडतात. अशी गळ स्वाभाविक असून तिच्यावर फवारणी करणे व्यर्थ आहे.

दुसरे कारण परागीभवनाचे. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि फूल हलल्यावाचून पराग नीट बाहेर पडत नाही. भुंग्यासारखे कीटक फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात व पराग झाडतात. गच्चीवर किंवा बंदिस्त सज्जात हे कीटक येत नाहीत. तेथे सकाळी फुलांच्या फांदीवर बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात. खर्च काहीच नाही. शाळेत वनस्पतिशास्त्राचा धडा म्हणूनही हा प्रयोग दाखविण्याजोगा आहे.

खरा शत्रू

वांग्याचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडा व फळे पोखरणारी अळी. तिचा पतंग रात्री पानांवर, कळ्यांवर अंडी घालतो. बाहेर आलेली अळी काही तासांतच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते. फळात ती बहुधा देठाच्या टोपीखालून जाते आणि प्रवेशाचे छिद्र बुजून जाते. फळावर जे ठळक छिद्र दिसते, ते पुष्कळदा अळी बाहेर पडल्याचे असते. ती आत असताना वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हे न उमगल्यामुळे फवारणीवर फवारणी होते, खर्च वाढतो, अळी जगते आणि विष ताटात येते.

या एका अळीने देशाच्या धोरणालाही प्रश्न घातला. तिला प्रतिकार करणाऱ्या जनुकीय परिवर्तित बीटी वांग्याला केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. त्यावर नागपुरासह सात शहरांत जाहीर विचारविनिमय झाला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र शासनाने त्यास स्थगिती दिली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतकऱ्यांच्या शेतात आहे. या वादात दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. परसातील दहा झाडांना मात्र त्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कारण दहा झाडांवर रोज नजर ठेवता येते. दहा एकरांच्या शेतकऱ्याला जे जड जाते, ते गृहिणीला किंवा शाळेतील मुलांना पाच मिनिटांत साधते. शेंडा मलूल दिसताच तो पोखरलेल्या भागाच्या खालून कापून काढावा आणि कापलेला भाग जाळावा. किडकी फळे उकिरड्यावर टाकू नयेत; अळी तेथेच कोषात जाऊन पुन्हा पतंग होते. झाडाखालचा पालापाचोळा आठवड्यातून एकदा गोळा करून आच्छादन बदलावे. नरपतंगांसाठी कामगंध सापळा लावता येतो. रस शोषणाऱ्या किडींसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क वापरावा : ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, एकूण एक लिटर पाणी करावे आणि चिमूटभर साबणचुरा मिसळून संध्याकाळी फवारावे.

पाने अगदी बारीक होऊन गुच्छ झाला, तर तो पर्णगुच्छ किंवा बोकड्या रोग होय. तुडतुड्यांमार्फत तो पसरतो. असे झाड बरे होत नाही. ते उपटून नष्ट करणे हाच शेजारच्या झाडांना वाचविण्याचा मार्ग. वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके लागोपाठ एकाच जागी घेऊ नयेत. मर रोगाचे जंतू मातीत राहतात.

काढणी, बी आणि गावाचे काम

फळाला तकाकी असतानाच ते देठासह कापावे. अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला, तर फळ कोवळे आहे असे समजावे. तकाकी जाऊन रंग पिवळट होऊ लागला, की बी कठीण होते. मात्र निरोगी, जोमदार झाडावरील एक-दोन फळे बियांसाठी राखून ती पूर्ण पिवळी होऊ द्यावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तंतुमय घटक त्यातून मिळतात. पण केवळ वांग्यांनी कुपोषण हटणार नाही. म्हणून परसात वांग्याशेजारी मेथी-चवळईचा वाफा आणि कोपऱ्यात एक शेवगा असावाच. मध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. शाळांच्या पोषण परसबागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शाळेच्या नळाखालचे वाहून जाणारे स्वच्छ पाणी त्या बागेला पुरेल.

ग्रामपंचायतीच्या वाट्याचा हिशेबही सोपा आहे. वांग्याच्या एक ग्रॅम बियांत सुमारे दोनशे बिया असतात. दहा ग्रॅम बी, म्हणजे दोन हजार बिया, एका सामाईक वाफ्यात पेरल्या आणि निम्मीच रोपे लागवडीस आली, तरी हजार रोपे होतात. दोनशे घरांना प्रत्येकी पाच. जागा चावडीमागची, राखण शाळेतील मुलांची, आणि वाटप जुलैतील एखाद्या सभेच्या दिवशी. ज्या घरात रोप जाईल, त्या घराला मलूल शेंडा ओळखून कापण्याचे एवढे एक काम शिकविले, तरी रोपांबरोबर ज्ञानही पोहोचेल. सभेच्या इतिवृत्तात परसबागेचा ठराव नोंदविताना, रोपे किती घरांत गेली आणि डिसेंबरअखेर किती घरांत फळे आली, हे दोन आकडे त्याखाली लिहिण्याची जागा सोडावी.