वाहनांचा परस्परविश्वास
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळींत एखादा नवखा गृहस्थ आला म्हणजे आपण त्याचे मूळ गाव, कुलदैवत व सोयरेसंबंध यांची चौकशी करतो. दोन माहितगारांनी ग्वाही दिली, की त्याच्या शब्दावर आपला विश्वास बसतो. नेमका हाच प्रश्न आज रस्त्यावरील वाहनांपुढे उभा आहे.

वाहनांनी आपसांत बिनतारी संदेशांनी बोलावे ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. अमेरिकेने त्यासाठी १९९९ साली रेडिओलहरींचा एक पट्टा राखून ठेवला. जपानमध्ये टोयोटा कंपनीने २०१५ साली अशी यंत्रणा गाड्यांत बसविली. अमेरिकन पद्धतीत गाडी आपले स्थान, वेग व दिशा सेकंदाला सुमारे दहा वेळा आसपासच्या गाड्यांस कळविते. वळणापलीकडील गाडीने अकस्मात ब्रेक दाबला, तर मागच्या चालकास ते दिसण्यापूर्वीच समजते.

परंतु संदेशच खोटा असेल तर? स्वतःस वाट मोकळी मिळावी म्हणून कोणी पुढे अपघात झाल्याची आवई उठवील. एकच लबाड यंत्र अनेक नावे धारण करून स्वतःचीच साक्ष देईल. या दुसऱ्या कपटास ‘सिबिल हल्ला’ म्हणतात. जॉन डूसर यांनी २००२ साली त्याचे विवेचन केले. अशा असत्याची किंमत प्राणांनी मोजावी लागेल.

यावर प्रचलित उपाय प्रमाणपत्राचा. मध्यवर्ती संस्था गाडीस प्रमाणपत्रे देते व प्रत्येक संदेशावर गाडीची गणिती सही असते. तथापि सही खरी असली म्हणजे मजकूरही खरा असतो, असे नव्हे. शिवाय सारा भरवसा एकाच संस्थेवर राहतो.

येथे ब्लॉकचेन उपयोगी पडेल, असे अनेक संशोधकांचे प्रतिपादन आहे. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनविषयक निबंधाने ती पद्धत जगापुढे आणली. ही एक सामाईक खतावणी समजा. तिची प्रत अनेकांजवळ असते व प्रत्येक पानावर मागील पानाचा गणिती ठसा असतो. मागचा एक आकडा बदलला, तरी पुढील ठसे जुळत नाहीत व लबाडी उघडी पडते. संदेश मिळालेल्या गाड्यांनी तो खरा ठरला की खोटा हे रस्त्याकाठच्या केंद्रांस कळवावे, केंद्रांनी एकमताने त्या गाडीची पत या खतावणीत नोंदवावी, अशी ही योजना.

मात्र तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. बिटकॉइनच्या साखळीत नवे पान सरासरी दहा मिनिटांनी जोडले जाते. ब्रेकची सूचना तर क्षणार्धात पोहोचली पाहिजे. म्हणून तातडीचा संदेश थेट जावा. खतावणीत केवळ पत व रद्द प्रमाणपत्रांची यादी राहावी, आणि ती मोजक्या अधिकृत केंद्रांनी चालवावी. दुसरे असे, की तेथे लिहिलेले सहसा पुसता येत नाही. कोण कोठे गेला याची नोंद तीत शिरली, तर संरक्षणाचे साधन पाळतीचे साधन होईल. तिसरे, मुळातच खोटी नोंद झाली, तर खतावणी ती खोटीच जपून ठेवील.

बंधुभगिनींनो, या योजनेत गाडीची पत तिच्या कारखान्याच्या नावावरून ठरत नाही, तिच्या वर्तनावरून ठरते. आपणही हे तत्त्व ध्यानी धरावे. पूर्वजांच्या पुण्याईने आपणांस ओळख मिळते. पत मात्र ज्याची त्यानेच मिळवावयाची असते. आपल्या तरुणतरुणींनी या नव्या विद्येत प्रावीण्य संपादन करावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.