थंडीत काचा पुसताना



नाताळच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला थंडी बघायला येतात. वेण्णा तलावाच्या काठावर पहाटे दवाचे हिमकण झाले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्याच पहाटे आमच्या गटातल्या बाया वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घाट चढत असतात. कशाला? तर हॉटेलांच्या काचा पुसायला. पाहुण्यानं पडदा सरकवला की दरी स्वच्छ दिसली पाहिजे ना!

हे काम आम्हाला कसं मिळालं ते आधी सांगतो. पावसाळ्यात इकडे चार महिने धो धो पाऊस. काचांवर शेवाळ धरतं, चौकटीत माती साचते. मग दिवाळीनंतर तांबड्या मातीची धूळ बसते. सुट्टीची गर्दी व्हायच्या आत हॉटेलवाल्यांना सगळ्या काचा लखलखीत हव्या असतात आणि त्यांच्याकडं तेवढी माणसं नसतात. आमच्या गटातल्या काहीजणी आधीपासून खोल्या झाडायला जात होत्या. त्यांच्या ओळखीनं तीन हॉटेलांचं काम गटाकडं आलं. दर ठरवायला गेलो ते आम्हीच. खिडकीमागं २० रुपये. दिवसाला २५ खिडक्या झाल्या तर ५०० रुपये, असा हिशोब आम्ही वहीत मांडला आणि खूश होऊन घरी आलो.

वहीत थंडी कुठंच धरलेली नव्हती.

काच पुसणं म्हणजे फडकं फिरवणं, असं आम्हालाही वाटायचं. आधी चौकटीतली धूळ ब्रशनं काढायची. कोरडं फडकं मारलं तर मातीचे कण काचेवर घासतात आणि ओरखडे पडतात. मग साबणाचं पाणी, मग रबरी पट्टीचा वायपर वरून खाली ओढायचा, दर ओढीला पट्टी पुसायची, शेवटी कडा कोरड्या करायच्या. हात सगळा वेळ डोक्याच्या वर. पाणी बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत स्वेटरमध्ये शिरतं. एकदा बाही ओली झाली की दिवसभर वाळत नाही. नुसती गार हवा परवडली, कारण पाणी अंगातली ऊब कितीतरी लवकर ओढून घेतं.

पहिल्याच आठवड्यात कुणाच्या बोटांची पेरं लाल झाली, सुजली, रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज सुटायची. कुणाच्या टाचांसारख्या हातांना भेगा. पण बोललं कुणीच नाही. बोललं तर म्हणतील, हिला झेपत नाही. आणि थांबलं तर खिडकी राहते, खिडकी राहिली तर २० रुपये गेले.

एक फजितीही सांगतो. हात गारठले म्हणून आमच्यातल्या एकीनं गीझरचं कढत पाणी घेतलं आणि थेट बाहेरच्या गार काचेवर ओतलं. काच टणकन तडकली. तिचे पैसे आमच्या बिलातून कापले गेले. तेव्हापासून पाणी कोमट, हाताला सोसेल एवढंच, आणि तेही फडक्यानं लावायचं.

इथवर ठीक होतं. हसून सोडून देता येत होतं.

मग एका सकाळी, सव्वासातच्या सुमारास, आमची एक वहिनी पहिल्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर चढली. बाहेरच्या बाजूची काच पुसायला एक हात खिडकीतून बाहेर, दुसऱ्या हातानं गज धरलेला. निदान तिला वाटलं की धरलाय. बोटं एवढी सुन्न झाली होती की पकड सुटली हेच तिला कळलं नाही. ती आत पडली हे नशीब. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. हॉटेलचं म्हणणं, तुम्हाला स्टुलावर चढायला आम्ही सांगितलं नव्हतं. स्टूल त्यांचंच होतं, पण ते असो.

त्या रात्रीची गटाची बैठक आम्ही विसरणार नाही. काहीजणी म्हणाल्या, थंडी काय आपल्याला नवी आहे का? पहाटे स्ट्रॉबेरी तोडतोच की. एक आत्या म्हणाल्या, "तोडताना पाय जमिनीवर असतात गं." त्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक जण हात पुढं करून दाखवायला लागली. सुजलेली पेरं, भेगा. तीन आठवडे एकमेकींच्या शेजारी बसून भाकरी खात होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हतं. चूक आमचीच होती. खिडकीमागं दर घेऊन आम्हीच सगळ्यांना घाईला लावलं होतं. थंडीत २५ काय, १६ खिडक्यासुद्धा धड होत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी कागद घेऊन तिन्ही हॉटेलांत गेलो. रोजावर काम करू, दिवसाला ४०० रुपये. दव उतरल्यावर, म्हणजे साडेनऊला सुरुवात. कोमट पाणी हॉटेलनं द्यायचं. वरच्या मजल्याची बाहेरची काच लांब दांड्याच्या वायपरनं जेवढी पोचेल तेवढीच. सज्ज्यावर कुणी उतरणार नाही, स्टुलावर चढून बाहेर वाकणार नाही. दोघांनी कुरकुर करत मान्य केलं. तिसऱ्यानं दुसरी माणसं लावली. ते हॉटेल सगळ्यात मोठं होतं. ते काम गेल्याचं वाईट वाटलं आणि गटातल्या दोघीतिघी अजूनही आम्हाला ते ऐकवतात.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो. तुमच्याकडं हॉटेल नसेल, पण शाळेच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या काचा असतीलच. आत सुती हातमोजा, वर रबरी. रबरी मोज्याची कड बाहेरून दुमडायची, म्हणजे ओघळ त्या घडीत अडतो, बाहीत जात नाही. रबरी मोजे एक माप मोठे घ्या, घट्ट असले तर बोटं जास्तच गारठतात. सुती मोजे दोन जोड जवळ ठेवायचे, एक भिजला की बदलायचा. अर्ध्या तासानं थांबून हात काखेत धरायचे. बोटं पांढरी पडली किंवा टोचलेलं कळेनासं झालं तर काम बंद. अशा वेळी लगेच शेकोटीवर हात धरू नका. सुन्न कातडीला चटका कळत नाही, भाजतं, आणि एकदम शेकल्यानं सूजही वाढते. कोमट पाण्यात सावकाश ऊब आणायची, चोळायचं नाही. रात्री भेगांना कोकमतेल. फोड आले किंवा बोटं निळी पडली तर दवाखाना.

आणि हो, मिश्री. तोंडात मिश्री धरली की ऊब येते असं आपल्याकडं म्हणतात. उलट आहे. तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात आणि बोटांकडं रक्त कमी जातं. हे ऐकून आमच्यातल्या किती जणींनी मिश्री सोडली म्हणाल? एकीनं. पण कामावर डबी आणणं तरी बाकीच्यांनी बंद केलंय.

वहिनीच्या औषधपाण्याला गटाच्या निधीतून बिनव्याजी पैसे दिले. तिचा विमा नव्हता. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा असतो, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. मोडलेल्या मनगटाच्या प्लॅस्टरचा खर्च मात्र त्यात मिळत नाही, हे आम्हाला नंतर समजलं. तरी आम्ही सगळ्यांचे फॉर्म भरले. मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये शिल्लक नसले तर तो बंद पडतो. तेव्हा पासबुक बघून घ्या.

यंदा डिसेंबरात वहिनी पुन्हा कामावर आली. चढायचं काम तिच्याकडं नाही. ती खालच्या मजल्याच्या आतल्या काचा करते आणि कोण किती वेळ ओल्यात आहे यावर लक्ष ठेवते. मनगट गारठ्यात ठणकतं म्हणते. साडेनऊच्या आधी बादलीला हात लावू नको, असं आम्ही तिला रोज सांगतो, आणि आम्ही पोचेपर्यंत तिनं दोन बादल्या भरून ठेवलेल्या असतात.