ज्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या



आपण दिवसभर निंदण करतो, कापूस वेचतो. पण मोजणीवाले आले की घरचे सांगतात, "ती काही करत नाही, घरीच असते." कागदावर नाव नाही तर योजनेतही नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आज आम्ही तृतीयपंथी माणसांच्या मोजणीबद्दल बोलतो आहोत.

२०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला पहिल्यांदा 'इतर' अशी नोंद आली. देशात ४,८७,८०३ जण त्यात मोजले गेले, महाराष्ट्रात ४०,८९१. आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे आकडे पाहा. पुरुष १४,१९,९६५, स्त्रिया १३,५२,३८३. बेरीज २७,७२,३४८, आणि जिल्ह्याची एकूण लोकसंख्याही नेमकी तेवढीच! मग 'इतर' कुठे गेले? मुख्य तक्त्यांत त्यांना पुरुषांतच धरलं होतं.

आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. पण घराची माहिती बहुतेक वेळा घरातला कर्ताच देतो. ज्यांचा जीव बाईचा बाईवर किंवा पुरुषाचा पुरुषावर जडतो, त्यांच्याबद्दल तर जनगणनेत प्रश्नच नव्हता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली हे दोन्ही प्रश्न विचारले. पण ते सोळा वर्षं आणि त्यावरच्यांनाच होते आणि उत्तराची सक्ती नव्हती. घरच्यांना कळू द्यायचं नसेल, तर वेगळा अर्ज भरायची सोय होती.

आपल्याकडे मोजणीला येतात ते ओळखीचे गुरुजी, नाहीतर अंगणवाडीताई. ओसरीवर सासू, दीर, शेजारीण बसलेली. तिथे कोण खरं बोलेल? आकडा हवाच, पण त्यापायी कोणाला घराबाहेर पडावं लागू नये. १९४८ चा जनगणना कायदाही सांगतो की एकेकाची माहिती गुप्त ठेवायची.

माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्याआधी गटाच्या बैठकीत एवढं ठरवू या. ज्याचं उत्तर त्यालाच देऊ द्यायचं. आपल्यातली कोणी मोजणीला गेली, तर तिनं गर्दीत विचारायचं नाही. कानावर पडलेलं पुढे न्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही.

आणि हो, आपलं कामही आपणच सांगायचं, "मी शेतात राबते, तसंच लिहा."