ग्रँट पार्क : मोकळ्या जागेची राखण

शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये गेलेला माणूस बकिंगहॅम कारंजं बघतो, ‘क्लाउड गेट’च्या चकचकीत पोलादात स्वतःला शोधतो आणि समोर पसरलेलं मिशिगन सरोवर पाहून हरखतो. माझ्या मते मात्र या बागेचं खरं वैभव म्हणजे तिथली मोकळी जागा, आणि ती आपोआप मोकळी राहिलेली नाही. १८३६ साली कालवा आयुक्तांनी शहराच्या नकाशावरच लिहून ठेवलं होतं की ही जमीन सार्वजनिक आहे आणि तिच्यावर कधीही इमारत उठणार नाही. पुढे कितीतरी वर्षं हे कुणी मनावर घेतलं नाही. काठालगतच्या पाण्यातून रेल्वे गेली. १८७१च्या आगीत बेचिराख झालेल्या शहराचा राडारोडा रूळ आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात लोटला गेला. आजच्या हिरवळीच्या काही भागाखाली त्याच जळक्या विटा आहेत. तेव्हा त्या भरावावर होते तबेले, झोपड्या आणि कचऱ्याचे ढीग.

टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० मध्ये नकाशावरचा तो मजकूर हाती धरून कोर्ट गाठलं आणि वीस वर्षं लढून अखेर ते जिंकले. त्यांच्यावर टीका झाली ती मार्शल फील्ड यांच्या देणगीतून होणारं संग्रहालय अडवल्यामुळे. समोरच स्वतःची मालमत्ता असलेला माणूस आपल्या खिडकीतल्या देखाव्यासाठी ज्ञानाच्या आड येतो, असं लोक म्हणत. त्यांचा स्वार्थ होता, हे मान्य करायला हवं. पण तो स्वार्थ आणि सगळ्या शहराचा हक्क इथे एकाच बाजूला होते. शिवाय संग्रहालय बुडालं नाही. थोडं दक्षिणेला उभं राहून १९२१ मध्ये ते उघडलं. बागेत आधी संग्रहालय झालं असतं, तर त्यामागून दुसरी इमारत, मग तिसरी, तितक्याच चांगल्या कारणासाठी आली असती. बंदी आंधळीही नव्हती. शेजारच्या मालमत्ताधारकांच्या संमतीने आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू याच जमिनीवर झाली, आणि १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद बोलले ते तिथेच. २००४ मध्ये रेल्वेच्या यार्डावर छत घालून मिलेनियम पार्क झाला, तेव्हाही फ्रँक गेरी यांच्या उंच संगीतमंचाला इमारत न मानता कलाकृती ठरवावं लागलं. हा मार्ग मला पळवाटच वाटतो. पण तो शोधावा लागला, इतकी पकड त्या जुन्या मजकुराने दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ठेवली होती.