केबिनच्या दारातली रांग



कविता लिहिणारा माणूस साहेब म्हणून मवाळ असणार, असा लोकांचा समज असतो. माझ्या शाखेतल्या अकरा जणांपैकी एकाचाही तसा समज नव्हता.

मिरजेजवळच्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो. गोष्ट २०१८ च्या मार्चमधली. थकबाकीची वसुली, हिशेबतपासणी, मुख्य कार्यालयाचे फोन आणि दोन जागा रिकाम्या. सकाळी दहापासून माझ्या केबिनच्या दारात कर्मचाऱ्यांची रांग लागे. ‘साहेब, ही सही जुळत नाही, काय करू?’ ‘साहेब, हे व्हाउचर आज घेऊ का?’ मी प्रत्येकाला उत्तर देत असे आणि प्रत्येकावर चिडत असे. रात्री नऊला घरी पोचलो, तरी झोप येत नसे. वर्षभर एक ओळ लिहिली नव्हती.

त्याच महिन्यात एका तरुण लिपिकाकडून चूक झाली. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि एका ग्राहकाचे चाळीस हजार रुपये दुसऱ्याच खात्यावर जमा झाले. मला कळले तिसऱ्या दिवशी. तोवर त्या खातेदाराने पैसे काढलेही होते. मी त्या मुलाला चारचौघांत फैलावर घेतले. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, ‘साहेब, चूक त्याच दुपारी लक्षात आली होती. सांगायला आलो होतो. पण तुमचा आवाज बाहेर ऐकू येत होता, म्हणून दारातूनच परत फिरलो.’

पैसे पुढे वसूल झाले. ते वाक्य मात्र मनातून गेले नाही.

थोड्याच दिवसांत बँकेने काही व्यवस्थापकांसाठी नेतृत्वाच्या ‘कोचिंग’ची सोय केली. पंधरा दिवसांनी एक तास, अशा सहा बैठका. मला ती शिक्षाच वाटली. आमच्या कोच बाई एका कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेल्या होत्या. पहिल्या दिवशी पाऊण तास मी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, ‘सगळे तुमच्याकडेच विचारायला का येतात?’

‘त्यांना काही येत नाही म्हणून.’

‘तुम्ही उत्तर दिलेत की त्यांना येऊ लागते का?’

मी गप्प झालो.

शिक्षक शिकवतो, सल्लागार सल्ला देतो. कोच मात्र प्रश्न विचारतो आणि उत्तर आपल्यालाच शोधू देतो. या विचाराची पाळेमुळे खेळाच्या मैदानात आहेत. टिमोथी गॅलवे हे टेनिस शिकवणारे. खेळाडूची खरी झुंज स्वतःच्या मनाशी असते, हे त्यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात मांडले. पुढे जॉन व्हिटमोर या मोटार शर्यतपटूने १९९२ च्या पुस्तकातून हीच दृष्टी कचेऱ्यांपर्यंत नेली. त्यातले प्रश्न चार पायऱ्यांचे. काय साधायचे आहे? आज परिस्थिती काय आहे? कोणते मार्ग आहेत? आणि त्यातले तुम्ही नक्की काय करणार, केव्हा?

बाईंनी मला एक काम दिले. आठवडाभर येणारा प्रत्येक प्रश्न वहीत टिपायचा आणि विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते असे वाटले, तर पुढे खूण करायची. शनिवारी पाहिले, तर निम्म्याहून अधिक प्रश्नांपुढे खुणा! त्यांना उत्तर नकोच होते. स्वतः निर्णय घेतला आणि तो चुकला, तर साहेब फाडून खातील; त्यापेक्षा विचारलेले बरे, एवढाच हिशेब होता. ती रांग माझ्या रागानेच लावली होती.

मग मी उलट विचारू लागलो, ‘तुम्हाला काय वाटते?’ विचारून गप्प बसणे सर्वांत कठीण. सुरुवातीला लोकांना यात काही डाव वाटला. शिपायाने तर ‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’ असे विचारले. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिले आहेत. घोडीवर कानस जरा फिरवायची, तार छेडायची आणि ऐकायचे. त्यात फिरवण्यापेक्षा ऐकणेच जास्त. हे इतकी वर्षे पाहूनही मी केबिनमध्ये नुसती कानसच चालवत होतो.

त्या मुलाची मी माफी मागितली. रागावलो होतो चारचौघांत, म्हणून माफीही चारचौघांतच.

कोचिंग म्हणजे जादू नव्हे. नियमाच्या बाबतीत ‘तुम्हाला काय वाटते’ चालत नाही, तिथे स्पष्ट सांगावेच लागते. रिकाम्या जागा प्रश्न विचारून भरत नाहीत. बाईंनी त्याबद्दलही विचारले, ‘हे तुम्ही वरिष्ठांना लेखी कळवले आहे का?’ कळवले नव्हते. कळवल्यावर दोनपैकी एक जागा भरली गेली. आणि ताण दुखण्यापर्यंत गेला असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

पुढच्या मार्चमध्ये तोच मुलगा धावत केबिनमध्ये आला. ‘साहेब, चूक झालीय. दहा मिनिटांपूर्वी. ते खाते थांबवू का?’

मी म्हणालो, ‘तुम्हाला काय वाटते?’

‘थांबवलेच आहे, साहेब. फक्त सांगायला आलो.’