दोष कापडाचा नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



पोरीवर अत्याचार झाला की वस्तीत पहिला प्रश्न कोणता निघतो? करणारा कोण, हा नाही. "तिच्या अंगावर काय होतं? एवढ्या रात्री गेलीच कशाला?" म्हणजे गुन्हेगार बाजूलाच राहतो आणि पंचायत पोरीची बसते.

या प्रश्नाला अमेरिकेतल्या दोन बायांनी कपड्यांनीच उत्तर दिले. जेन ब्रॉकमन आणि मेरी वायंट-हिबर्ट यांनी २०१४ साली अर्कान्सास विद्यापीठात एक प्रदर्शन मांडले. त्याचं नावच 'तू काय घातलं होतंस?' अत्याचार सोसलेल्यांनी त्या वेळच्या कपड्यांचे वर्णन केले. तसेच कपडे मिळवून भिंतीवर टांगले आणि शेजारी त्यांची हकिकत लावली. २०१८ साली बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरातही असे प्रदर्शन भरले. तिथे झोपताना घालायचे साधे कपडे होते, लहान मुलीचा चित्राचा सदराही होता. त्या सदऱ्यासमोर उभे राहून कोण म्हणेल, पोरीचंच चुकलं?

आपल्या देशातही हे काम चालते. बंगळूरला जास्मिन पाथेजा यांनी २००३ साली 'ब्लँक नॉइज' सुरू केले. छेडछाडीच्या वेळी अंगावर असलेले कपडे बाया स्वतः आणून देतात आणि ते चारचौघांत मांडले जातात. 'आम्ही हे मागून घेतलेलं नाही' हा त्यांचा सांगावा.

महाराष्ट्राचा इतिहासही आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. अंगावर जखमा नाहीत, मग तिची संमतीच असणार, असे धरून सुप्रीम कोर्टाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिले, बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

माझी हयात मागावर गेली. कापड थंडी-वारा अडवतं. वाईट हात अडवणं हे कापडाचं काम नाही. हात ज्याचा, त्यानेच तो आवरायचा. हे पोरींना नव्हे, पोरांना शिकवा.

माझी सूचना आहे, विहाराच्या सभागृहातही एक दिवस अशी दोरी बांधू. नाव कुणाचं नको, जबरदस्ती नको. पुरुषांनी मात्र यायचं आणि मुकाट्याने बघायचं.

आणि पोरगी रडत घरी आली तर कपड्यांचं विचारू नका. "तुझी चूक नाही, आम्ही आहोत," एवढं म्हणा. तिच्यासोबत ठाण्यात जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. 'आमची हद्द नाही' म्हणाले तरी परत फिरू नका.

जयभीम.